फाटकाबाहेर पडला तो माल

नवंकोरं वॉशिंग मशीन आठवडाभरात बंद पडलं, तेव्हा त्याच्या पोटात पाळणाघरातल्या मुलांची झबली, दुपटी, दोन चादरी आणि टिकाऊसाहेबांचा ऑफिसचा शर्ट एवढा ऐवज होता. दार उघडेना, पाणी जाईना. पाळणाघर टिकाऊसाहेबांची बायको घरातच चालवायची. तिने आधी सगळी बटणं दाबून पाहिली, मग मशीनला दोन थपडा लगावल्या, आणि तरीही ते हलेना तेव्हा नवऱ्याला हाक मारली.

"अहो, इकडे या जरा! तुमच्या राज्याचं उत्पादन कसं गप्प बसलंय बघा!"

टोमणा बरोबर वर्मी बसला. टिकाऊसाहेब हे काही त्यांचं बारशाचं नाव नव्हे. सरकारच्या आकडेवारी कार्यालयात ते टिकाऊ वस्तू विभागाचे प्रमुख होते. राज्यातल्या कारखान्यांनी फ्रिज, पंखे, कपाटं, सायकली आणि मशीनं किती बनवली, त्यांची एकूण किंमत किती झाली, आणि तो आकडा मागच्या तिमाहीपेक्षा किती टक्के वर गेला, हे शोधून काढायचं आणि वर कळवायचं, एवढंच त्यांचं काम. स्वतः त्यांनी आयुष्यात साधा खिळा ठोकला नव्हता, पण राज्यात कुठेही पंखा फिरला की त्यात आपला हात आहे असं त्यांना मनापासून वाटायचं.

आता या कार्यालयात जगातल्या यच्चयावत वस्तूंचे दोनच प्रकार होते. तीन वर्षं टिकेल ती टिकाऊ, न टिकेल ती नाशवंत. समोरच्या खोलीत नाशवंत विभाग बसायचा. पाव, बिस्किटं, दूध, लोणी यांचे आकडे तिकडे. त्या विभागाच्या प्रमुखाला सगळे नाशवंतसाहेब म्हणायचे, आणि टिकाऊसाहेबांचं दुर्दैव असं की हे नाशवंतसाहेब त्यांचे सख्खे साडू होते. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा! कर्मभोग म्हणतात तो असा. सासरी तोच, ऑफिसात तोच, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून समोर बसायलाही तोच.

एरवी हेही निभावलं असतं. सासरी मोठा जावई म्हणून पहिला चहा टिकाऊसाहेबांना मिळायचा, धाकट्याला दुसरा, आणि एवढ्या एका कपाच्या जोरावर टिकाऊसाहेब ताठ मानेने जगत होते. पण महिन्यापूर्वी संचालकबाईंनी दोघांना बोलावून सांगितलं, "वरून काटकसरीचा हुकूम आलाय. दोन विभागांचा एक करायचा. या तिमाहीत ज्याची वाढ जास्त, तो प्रमुख. दुसरा त्याच्या हाताखाली."

म्हणजे हरलो तर साडूला 'सर' म्हणायचं! त्या दिवसापासून टिकाऊसाहेबांना दुसरं काही सुचेना. ज्याला त्याला ते राज्यात बनलेला पंखा घ्या, राज्यात बनलेलं कपाट घ्या, असा आग्रह करत सुटले. शेजारी त्यांना पाहून दार लावून घेऊ लागले. शेवटी घरापासून सुरुवात म्हणून त्यांनी राज्यातल्या एकुलत्या एक वॉशिंग मशीनच्या कारखान्याचं मशीन घरी आणलं, आणि ते हे असं आठ दिवसांत रुसून बसलं.

त्यांनी कारखान्यात फोन लावला. तिथला मॅनेजर भलताच गोड बोलणारा निघाला.

"दुरुस्ती? छे हो साहेब! दुरुस्ती कसली करत बसता? नवंच देतो ना तुम्हाला!"

"नवं? फुकट?"

"एकदम फुकट. आमचं धोरणच आहे तसं. जुनं आमची गाडी घेऊन जाईल."

टिकाऊसाहेब खूश. बायकोपुढे त्यांनी कॉलर ताठ केली. "बघितलंस? याला म्हणतात उद्योग!"

दुसऱ्या दिवशी नवं मशीन आलं, जुनं गेलं. नवं मशीन दहा दिवस चाललं, आणि मग त्याने स्वयंपाकघरापर्यंत पाणी सोडलं. पाळणाघरातली पोरं आनंदाने त्यात छपछप नाचली. एकीने तर त्याच संधीचा फायदा घेऊन मशीनच्या अंगावर खिळ्याने मांजर कोरली, चांगली मिशांसकट. टिकाऊसाहेबांची बायको कंबरेला पदर खोचून पाणी उपसत होती आणि खांद्याने कानाशी फोन धरून धाकट्या बहिणीला सगळं ऐकवत होती.

"काय सांगू तुला, आठ-दहा दिवससुद्धा टिकत नाही गं मेलं! आणि हे म्हणे टिकाऊ! नाही नाही, राग नाही आला मला. मी फक्त सांगतेय तुला. पोरांचे कपडे हाताने धुऊन धुऊन माझी बोटं बघ कशी झालीयेत. दिसत नाहीत फोनवर, माहितीये मला, पण तू बघ."

टिकाऊसाहेबांनी पुन्हा फोन केला, मॅनेजर पुन्हा तसाच गोड बोलला, गाडी त्याच दिवशी बिघडलेलं मशीन घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिसरं मशीन दारात उभं राहिलं. एकच बरं होतं. ऑफिसात त्याच सुमारास तिमाहीचे आकडे यायला लागले होते, आणि वॉशिंग मशीनचं उत्पादन दुपटीच्या वर गेलं होतं. दुपटीच्या! फ्रिज जागच्या जागी होते, कपाटं घसरली होती, सायकलींबद्दल न बोललेलं बरं, पण मशीनने एकट्याने अख्ख्या टिकाऊ विभागाला खांद्यावर उचलून नाशवंतांच्या पुढे नेऊन ठेवलं होतं. टिकाऊसाहेबांनी त्या दिवशी साडूच्या डब्यातली भाजी न विचारता वाढून घेतली.

घरी आले तर बायको नव्या मशीनपुढे हाताची घडी घालून उभी.

"नवं आहे म्हणालात ना?"

"म्हणजे काय! पट्टी बघ की. काय लिहिलंय?"

मशीनच्या अंगावर 'अगदी नवे' अशी ऐसपैस लाल पट्टी चिकटवलेली होती. बायकोने नखाने तिचं टोक उचकटलं आणि सर्रकन ओढली. पट्टीखाली मांजर होती, मिशांसकट.

"हे आपलंच आहे," बायको म्हणाली. "गेलं होतं ते फिरायला, परत आलं."

टिकाऊसाहेबांनी मांजरीकडे पाहिलं, मांजरीने त्यांच्याकडे. त्यांना काळजी लागली ती पाळणाघरातल्या कपड्यांची नव्हे, दुप्पट झालेल्या आकड्याची. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते थेट कारखान्यात गेले.

मॅनेजरने त्यांचं हसतमुखाने स्वागत केलं, चहा मागवला आणि कारखाना दाखवायला नेलं. लपवाछपवीचं नाव नाही. मागच्या फाटकाने बंद पडलेली मशीनं गाडीभरून आत येत होती. आत चार माणसं त्यांना फडक्याने पुसत होती, एकजण लाल पट्टी चिकटवत होता, आणि पुढच्या फाटकाने ती परत बाहेर पडत होती. नवीन मशीन बनवायची जागा कोपऱ्यात होती. तिथे दोघेजण पत्ते खेळत बसले होते.

"अहो, हे काय चाललंय?" टिकाऊसाहेब किंचाळलेच. "दुरुस्त तरी करा!"

"दुरुस्तीला कारागीर ठेवायचा म्हणजे डोक्याला ताप. पुसून पाठवलं की आठ-दहा दिवस कसंबसं चालतं. तीन-चार फेऱ्यांत गिऱ्हाईक कंटाळतं आणि गप धोब्याकडे जायला लागतं. तक्रार संपली!"

"आणि आम्हाला उत्पादन म्हणून कळवता ते?"

"जेवढी पुढच्या फाटकातून जातात तेवढी कळवतो. एकही जास्त नाही. आपण प्रामाणिक माणूस," मॅनेजर छातीला हात लावून म्हणाला. "तुमचाच नियम आहे ना साहेब? 'फाटकाबाहेर पडला तो माल.' तो काय, भिंतीवर लावलाय मी. मागच्या फाटकाबद्दल तुम्ही काही म्हटलेलंच नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो नियम खरोखरच टिकाऊसाहेबांनी स्वतः घातलेला होता, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान! नाशवंतांकडे त्याला एक शेपूट जोडलेलं होतं, 'परत आला तो वजा', कारण दुकानदार शिळे पाव रोज बेकरीला परत करतात. टिकाऊसाहेब त्या शेपटाला वर्षानुवर्षं हसत आले होते. "आमच्याकडे बुवा परत यायची पद्धत नाही," असं ते साडूला चारचौघांत ऐकवायचे.

परतीच्या बसमध्ये बसून त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. त्यांच्या एका घरातल्या एका मशीनने राज्याच्या उत्पादनात निदान दोनदा भर घातली होती, आणि त्या बदल्यात धुणं झालं होतं ते जेमतेम दहा दिवसांचं. मशीन जितकं भिकार, तितक्या त्याच्या फेऱ्या जास्त, आणि जितक्या फेऱ्या जास्त तितकं राज्य पुढे! खरं सांगावं तर वाढ कोसळणार, नियम कुणी केला ते निघणार, आणि साडूला 'सर' म्हणावं लागणार. गप्प बसावं तर खुर्ची आपली. टिकाऊसाहेब तसे पापभीरू गृहस्थ होते, पण साडूपुढे कसलं पाप आणि कसला भीरू! घरी पोचेपर्यंत त्यांनी मूग गिळून बसायचं पक्कं केलं.

"एवढं एक पोटात ठेव," ते बायकोला म्हणाले. "मांजरीचं तुझ्या बहिणीला सांगू नकोस. तिला सांगितलंस की तासाभरात तिच्या नवऱ्याला कळेल."

"ठेवते की. पण मला चालणारं मशीन पाहिजे. शेजारच्या राज्यातलं."

"वेडी आहेस का? टिकाऊ विभागाच्या प्रमुखाच्या घरात परराज्याचं मशीन?"

"मग लावू बहिणीला फोन?"

त्याच संध्याकाळी मांजरीचं मशीन कारखान्याच्या गाडीतून परत गेलं, आणि शेजारच्या राज्यातलं चादरीत गुंडाळून जिना चढलं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं तेव्हा टिकाऊसाहेबांनी कपाट आहे म्हणून सांगितलं. कपाट घरात गेल्यावर तासाभरात त्याचा घरघर आवाज सुरू झाला, आणि बायको कित्येक दिवसांनी गाणं गुणगुणली. टिकाऊसाहेबांना मात्र आपण देशद्रोह केल्यासारखं वाटून जेवण गेलं नाही.

आकडे पक्के करायच्या बैठकीला ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. संचालकबाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. समोर नाशवंतसाहेब, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू होतं की टिकाऊसाहेब काय ते समजले. बायकोने फोन केला! केलाच! बहिणी त्या बहिणीच!

"टिकाऊची वाढ जास्त दिसतेय," संचालकबाई म्हणाल्या. "तेव्हा विभाग टिकाऊखाली..."

"एक मिनिट बाई," नाशवंतसाहेब उठून उभे राहिले. "टिकाऊ म्हणजे काय, व्याख्या काय आपली?"

"तीन वर्षं टिकेल ते."

"आणि वॉशिंग मशीन किती टिकतं? विचारा आमच्या साडूभाऊंना! आठ दिवस! फार तर दहा! खुद्द यांच्या घरची गोष्ट आहे, माझ्या बायकोला तिच्या ताईने सांगितलंय. अहो, माझा बिस्किटाचा पुडा सहा महिने टिकतो!"

संचालकबाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला. "खरं का हे?"

पण टिकाऊसाहेबांच्या लक्षात आलं, साडूला अर्धंच कळलंय. मशीन टिकत नाही एवढंच त्याला माहीत. ते फिरून परत येतं हे त्याच्या गावीही नाही. बायकोने शब्द पाळला होता, बिचारी.

"म्हणजे... आमचं जरा लवकर बिघडलं," ते पुटपुटले.

"जरा? बाई, तीन वर्षं न टिकणारी वस्तू ती नाशवंत. हा आपल्या कार्यालयाचा पायाच आहे. वॉशिंग मशीन माझ्या विभागाचं आहे. त्याचं दुप्पट झालेलं उत्पादन माझ्या खात्यात टाका, आणि मग बघा वाढ कुणाची जास्त ती!"

"हा अन्याय आहे!" टिकाऊसाहेब ओरडले, आणि ते अगदी मनापासून ओरडले. मशीन गेलं की त्यांच्याकडे उरणार काय? घसरलेली कपाटं आणि सायकली! "मशीनला काय पावाच्या लादीशेजारी बसवणार? लाज वाटली पाहिजे! उद्या म्हणाल, मशीनला नाशवंतांचेच नियम..."

आणि ते मध्येच थांबले. नाशवंतांचे नियम. परत आला तो वजा. मागच्या फाटकाने गाडीभरून आत येणारी ती सगळी मशीनं त्यांच्या डोळ्यांसमोरून सावकाश गेली.

"बोला ना," साडू म्हणाले. "थांबलात का?"

"अन्याय!" टिकाऊसाहेब पुन्हा ओरडले, पण आता ते नाटक होतं, आणि चांगलं वठत होतं. त्यांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला. "पोटच्या पोरासारखं सांभाळलं मी त्या मशीनला! नेताय तर न्या. पण त्याला तुमच्या घरचेच नियम लागतील हं. उद्या माझ्या नियमाने मोजलं म्हणून कुणी बोट दाखवायला नको."

"अर्थात! माझ्या विभागात माझे नियम. बाई, लिहून घ्या," नाशवंतसाहेब ऐटीत म्हणाले.

बाईंनी लिहून घेतलं, दोघांच्या सह्या घेतल्या आणि साडूला एका आठवड्यात नवा आकडा द्यायला सांगितलं. सुंठीवाचून खोकला गेला होता. त्या दिवशी टिकाऊसाहेबांनी बायकोसाठी गजरा नेला, आणि बायकोने काय भानगड केलीत म्हणून तासभर त्यांची उलटतपासणी घेतली.

आठवड्याने नाशवंतसाहेब त्यांच्या खोलीत वादळासारखे घुसले. केस विसकटलेले, शर्टाचं एक टोक बाहेर.

"साडूभाऊ! तुम्हाला माहीत होतं!"

"काय झालं?"

"बाहेर पडली त्यापेक्षा आत जास्त आली! मागच्या तिमाहीतलीसुद्धा आत्ता परत आली! वजा करता करता शून्य झालं, आणि शून्याच्याही खाली गेलं! माझे पाव बुडाले, बिस्किटं बुडाली, दूध बुडालं! अहो, मशीन कुठे परत येतं का?"

"मला काय ठाऊक?" टिकाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "आमच्याकडे परत यायची पद्धतच नाही."

कपाटं आणि सायकली घसरल्या होत्या खऱ्या, पण शून्याच्या खाली जायची त्यांना अक्कल नव्हती. टिकाऊ विभाग जिंकला. दोन्ही विभाग एक झाले, मधली भिंत पाडली, आणि टिकाऊसाहेबांना खिडकीजवळची मोठी खुर्ची मिळाली. सासरी बातमी पोचली. धाकटी बहीण ताईशी बोलेनाशी झाली, सासऱ्यांनी पहिला चहा नेहमीपेक्षा मोठ्या कपातून दिला. टिकाऊसाहेबांना आता फक्त एका गोष्टीची आस लागली होती. साडूच्या तोंडून तो शब्द अजून बाहेर पडला नव्हता. समोर आले की ते नुसते 'अहो' म्हणून वेळ मारून नेत होते.

आणि एका सकाळी दारावर टकटक झाली.

"येऊ का, सर?"

टिकाऊसाहेबांच्या अंगावरून मोरपीस फिरलं. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. "काय म्हणालात?"

"येऊ का, सर, असं म्हणालो, सर."

"या या, बसा ना."

"बसत नाही, सर. घाईचं आहे, सर. उद्या मंत्र्यांपुढे राज्याचे आकडे मांडायचेत. त्यांनी एकच प्रश्न आधी कळवलाय. वॉशिंग मशीनचं उत्पादन उणे कसं? राज्याने मशीनं बनवली नाहीत हे त्यांना समजतं, पण असलेली कमी कशी केली ते समजत नाही, म्हणाले. शिवाय तो फाटकाचा नियम कुणाच्या डोक्यातून निघाला, त्या माणसाला त्यांना स्वतः बघायचंय."

"पण मशीन तर तुमच्याकडे..."

"होतं, सर. आता विभाग एकच आहे ना, सर. पाव तुमचे, दूध तुमचं, मशीनही तुमचं. प्रमुख तुम्ही आहात, सर. गाडी सकाळी तुम्हाला घरूनच न्यायला येणार आहे, सर. मंत्री म्हणाले, बिघडलेलं मशीन बघायला ते त्याच गाडीतून आधी तुमच्याच घरी येतील."

टिकाऊसाहेबांच्या डोळ्यांसमोर मोरीतलं, शेजारच्या राज्यातलं, मजेत घरघरणारं मशीन उभं राहिलं. ते खुर्चीत हळूहळू खाली सरकले.

"अहो, सर काय म्हणता सारखं," ते केविलवाण्या आवाजात म्हणाले. "घरचेच ना आपण? साडूभाऊ म्हणा की. आणि उद्या जरा माझ्याऐवजी तुम्हीच..."

"छे छे, सर!" नाशवंतसाहेब दार ओढून घेत म्हणाले. "ऑफिसात ऑफिससारखंच बरं, सर."